तेरा दिवस वजा

अर्जुनरावांची मुदत हुकली ही बातमी मंगळवारी कोर्टातून घरी आली, आणि तेव्हापासून शेखरचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. रविवारी दुपारी रस-पोळीचं जेवण उरकून सगळे बैठकीत आले, कूलर घरघरायला लागला, तरी त्याचं तेच चाललं होतं.

"नव्वद दिवस होते बुढ्याच्या हातात, बाबा. नव्वद! अन् हा आला एकशे तीन दिवसांनी उत्तराची कैफियत घेऊन. आता कोर्टानं ती घेतलीच नाही, तं मंग राह्यलं काय? आपलाच दावा, आपलेच साक्षीदार, अन् आपलीच विहीर."

"अर्धी," स्नेहलता म्हणाली. ती शेखरची बायको. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे नवऱ्याचं काही चुकलं की ती तिथल्या तिथे दुरुस्त करून टाकायची.

"अर्धी तं अर्धी! पाण्याची पाळी तं भेटंल!"

उंद्रीच्या शिवारातली ही विहीर नीळकंठराव वायाळ आणि त्यांचे चुलतभाऊ अर्जुनराव यांच्या बांधावर होती. वडिलांच्या वेळेपासून चार दिवस यांचं पाणी, चार दिवस त्यांचं. गेल्या पावसाळ्यानंतर अर्जुनरावांनी मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि तुमचा हक्क केव्हाच संपला, असं तोंडावर सांगितलं. शेखरची लिंबाची बाग टँकरवर आली. बोलणं बंद झालं, चिखलीच्या कोर्टात दावा लागला, आणि वादीची वकील म्हणून उभी राहिली नीळकंठरावांची नात गार्गी. पोरीला वकिली सुरू करून तीन वर्षं झाली होती. तिच्या काळ्या कोटाचा आजोबांना इतका अभिमान, की तो इस्त्रीला टाकायला ते स्वतः जायचे आणि दुकानात चार माणसं असली तर मुद्दाम थोडं थांबायचे.

आताही ते खुर्चीत ताठ बसून मुलाचं ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ सरळ. मेहकर, खामगाव, बुलढाणा अशा कोर्टांत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस वर्षं दावे आणि अर्ज दाखल करून घ्यायच्या खिडकीवर. पाचला खिडकी बंद म्हणजे बंद. मेहकरला एकदा त्यांचा सख्खा साळा पाच वाजून दहा मिनिटांनी अपील घेऊन आला, तर त्यालाही त्यांनी आल्या पावली परत पाठवलं. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की ती सुरू झाली की स्नेहलता चहा ठेवायला उठायची. त्या दहा मिनिटांपायी साळ्याचं अपील बुडालं आणि रुक्मिणीबाई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत, हा भाग मात्र ते कधी सांगत नसत.

"गार्गी, घे लिहून," ते म्हणाले. "प्रतिवादीची कैफियत मुदतबाह्य आहे. दिलेले कारण मोघम असून विश्वास ठेवण्यालायक नाही. सबब मुदतवाढीचा अर्ज नामंजूर व्हावा. बस. याच्यावर एक अक्षर नको."

गार्गी हलली नाही. उद्या सकाळी तिला कोर्टात अर्जुनरावांच्या अर्जावर आपल्या बाजूचं म्हणणं द्यायचं होतं. न्यायाधीशबाई कडक होत्या. नव्वद दिवस उलटल्यावर मुदत वाढवून घ्यायची तर कारण तसंच मोठं लागतं, आणि अर्जुनरावांच्या अर्जात कारणाच्या जागी दोनच शब्द होते, 'घरगुती अडचणीमुळे'. गार्गीनं नुसता विरोध लिहून दिला असता, तरी अर्ज फेटाळला जाणार हे अख्ख्या बार रूमला दिसत होतं.

"काऊन गं? पेन नाही का?" शेखरनं विचारलं.

"पेन आहे पप्पा. आबा, आधी एक मोजून द्या मले." तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आजोबांच्या मांडीवर ठेवलं. "अर्जुनआबाले समन्स भेटलं आठ जानेवारीले. नव्वदावा दिवस कोणता?"

"आठ एप्रिल." नीळकंठरावांना अशा गोष्टीला कॅलेंडर लागत नसे.

"अन् ते आले कवा?"

"एकवीस एप्रिलले. तेरा दिवस जास्त."

"तेराच काऊन, आबा? त्यांच्या वकिलानं त्यांना सांगतलं होतं, नव्वद दिवसांत या अन् सही करून जा. ते आले तेव्हा हातात टाइप केलेली कैफियत, सगळे सात-बारे, फोटो, काहीच बाकी नव्हतं. अन् छाती पुढं काढून वकिलाले म्हणाले, 'पाहा साहेब, बरोबर नव्वदाव्या दिवशी आलो.' वकिलानं कपाळावर हात मारला. हे मले खुद्द त्या वकिलांनीच सांगतलं."

शेखर खदखदून हसला. "बुढ्याले मोजता येत नाही!"

नीळकंठराव हसले नाहीत. त्यांचं बोट जानेवारीच्या पानावर येऊन थांबलं होतं.

वायाळांच्या भाऊबंदकीत एक रीत होती. सुतकात कागदावर सही करायची नाही, आणि सुतकाचे दिवस कुठल्याच वायद्यात धरायचे नाहीत. महिन्याच्या बोलीवर नेलेली बैलजोडी मधे घरात कुणी गेलं तर महिना आणि तेरा दिवसांनी परत यायची, आणि उशीर का झाला म्हणून कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्नाच्या याद्या, भागीचे वायदे, सगळ्याला हेच माप. ही रीत आजूबाजूच्या गावांत कुठेच नव्हती. इतर लोक हसायचे, आणि वायाळ मंडळी त्या हसण्याचाही थोडा मान बाळगायची. नीळकंठराव एवढे कायद्याचे, पण त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनीही तेरा दिवस रजा टाकली होती, हजेरीपटावर सही नको म्हणून.

एकोणीस जानेवारीला रुक्मिणीबाई गेल्या. एकतीसला तेरावा झाला.

"तेनं सुतक वजा केलं," नीळकंठराव हळूच म्हणाले.

"हाव आबा. आजीचं."

नीळकंठरावांना पैनगंगेचा काठ दिसला, दहाव्याचा दिवस. अर्जुन तिथे आला होता. लोकांपासून दूर, बाभळीखाली उभा, डोक्याचा गोटा केलेला. दावा लागलेला, बोलणं बंद, तरी भावजयीसाठी केस दिले होते त्यानं. पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहिला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. नीळकंठरावांनी त्याला पाहिलं होतं आणि मान फिरवली होती. त्या मान फिरवण्याची त्यांना आज पहिल्यांदा लाज वाटली.

"मंग अर्जात लिहिलं काऊन नाही तेनं?" त्यांचा आवाज चिरका झाला. "मोघम लिहून बसला बेटा!"

"वकील लय मागं लागले होते. ते म्हणाले, मृत्यूचा दाखला जोडू, काम होऊन जाईल. अर्जुनआबा म्हणाले, 'वयनीचं नाव नाही टाकत मी तिच्याच नवऱ्याच्या विरोधातल्या कागदावर. केस गेली तं जाऊ द्या.'"

स्नेहलतानं पदर तोंडाला लावला. शेखरची मात्र चलबिचल सुरू झाली. हातातला डाव निसटतोय हे त्याला कळायला लागलं होतं.

"हे पाह्य गार्गी, कोर्टात सुतक-बितक नाही चालत. कायद्याले काय करायचं आपल्या रीतीचं?"

"अठ्ठावीस जानेवारीले आपली तारीख होती, पप्पा. मी काय लिहून देल्तं त्या दिवशी? वादीच्या पत्नीचा दशक्रिया विधी आहे, पुढची तारीख द्यावी. समोरच्या वकिलानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. त्याच मयतीची तारीख आपण घेतली. आता त्याच मयतीपायी तो माणूस थांबला, तं आपण म्हणायचं कारण खोटं आहे?"

"आपण मुदतीच्या आत होतो!"

"होतो, कारण तुमच्या घरात वकील आहे. त्यांच्या घरात नाही." गार्गीचा आवाज चढला नव्हता, पण ती आता उभी राहिली होती आणि हात कोर्टातल्यासारखे मागे बांधले होते. "मुदत कायले असते, पप्पा? समोरच्यानं केस लोंबकळत ठेवू नये म्हणून. यांनी लोंबकळत ठेवली का? एक तारीख मागतली का? कैफियत हातात घेऊन आले. तेरा दिवसांत आपलं काय बुडालं? काहीच नाही. रडगाणं सांगणाऱ्या प्रत्येकाले मुदत द्या, असं मी नाही म्हणत. खोट्या कारणाले मी स्वतः उभी राहून विरोध करीन. पण हे कारण खरं आहे, अन् ते खरं आहे हे या घरातल्या चारही माणसांले माहीत आहे. माहीत असून मी 'विश्वास ठेवण्यालायक नाही' असं कसं लिहू?"

शेखरनं मग जे पोटात होतं ते बाहेर काढलं.

"अन् कैफियत आत आली तं तिच्यात काय आहे, माहीत आहे ना तुले? विहीर खोल केली तेव्हा बाबा आले नाहीत. दोन उन्हाळे अर्जुनकाका एकटा राबला, त्याच्या बायकोनं गाळ वाह्यला. त्यानंच तं तो म्हणते तुमचा हक्क संपला. गावातले पाच माणसं साक्ष देतीन. हे कोर्टापुढं येऊ द्यायचं?"

"आबा, खरं आहे का हे?" गार्गीनं विचारलं.

नीळकंठरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तेव्हा ते खामगावला होते. अर्जुनाची दोन पत्रं आली होती. साहेब रजा देत नाहीत असं त्यांनी कळवलं होतं, आणि रजेचा अर्ज त्यांनी केलाच नव्हता.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण त्यानं हक्क संपत नाही."

"नाही संपत. ते मी सिद्ध करीन. पण त्यांचं ऐकून झाल्यावर."

"अन् हरलो तं?" शेखर ओरडलाच. "जिंकलो तरी सात-आठ वर्षं जातीन! बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे आहात. पाह्यसान का तुम्ही निकाल?"

"अहो!" स्नेहलता कडाडली.

"बोलू दे त्याले," नीळकंठराव म्हणाले. मुलगा बोलला ते त्यांच्या मनात मंगळवारपासून होतंच. डोळ्यांदेखत त्या मोटारीच्या पेटीचं कुलूप निघावं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. उद्या विरोध केला तर दिवाळीच्या आत ती पुरी होईल, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं?

"आबा, तुम्ही पक्षकार आहात," गार्गी म्हणाली. "तुमच्या परवानगीशिवाय मी 'हरकत नाही' असं लिहू शकत नाही, अन् लिहिणारही नाही. पण विरोध करायचा असंल तं दुसरा वकील पाहा. मी वकीलपत्र काढून घेईन."

आपल्याच आजोबांना असं सांगायची हिंमत! नीळकंठरावांना राग यायला हवा होता. आला नाही. कोर्टात त्यांनी शेकड्यांनी वकील पाहिले होते. मोठमोठे, मोटारीतून उतरणारे. पक्षकाराच्या तोंडावर असं बोलणारे दोन-तीनच निघाले होते, आणि त्यांची नावं अजून त्यांच्या ओठांवर होती. त्या ओळीत आता आपली पोरगी उभी आहे, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला. खिडकीवर बसून बावीस वर्षं मी घड्याळ सांभाळलं, त्यांना वाटलं, आणि या पोरीनं तीन वर्षांत घड्याळ कशासाठी लावलंय ते ओळखलं.

"मामाजी, एक विचारू?" स्नेहलता सासऱ्यांना म्हणाली. "आत्याबाई असत्या तं काय म्हणाल्या असत्या?"

"काही म्हनली नसती. महिनाभर बोलली नसती." नीळकंठराव एवढं बोलून हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेखर शेवटचा खडा टाकून पाहायला चुकला नाही. "बरं, मुदत द्यायचीच तं फुकट काऊन द्यायची? अट टाका. कैफियत घेऊ देतो, पण तोपर्यंत चार दिवसांची पाळी सुरू कर म्हना."

"अशी अट मागता येते," गार्गीनं कबूल केलं. "कोर्ट देऊही शकते. गैर नाही त्याच्यात."

"गैर नसंल," नीळकंठराव म्हणाले. "पाण्यासाठी तू येगळा अर्ज दे, त्याच्यावर भांड, जितकं भांडायचं तितकं भांड. पण ती मेली तिच्या सुतकाचा मी सौदा नाही करत. कागद आन इकडं. माह्या हातानं लिहितो."

ते तासभर लिहीत होते. मजकूर सहा ओळींचा, पण 'कै. रुक्मिणीबाई' या दोन शब्दांपाशी हात दोनदा अडला. तिचं नाव त्यांनी आयुष्यात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच.

सोमवारी साडेदहाला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. उन्हाळी सुट्टीच्या आधीचा आठवडा, जो तो आपलं काम उरकायला आलेला. शेखर घरातून काही न बोलता निघाला होता, पण गाडी त्यानंच चालवली आणि फायलींची जड पिशवीही त्यानंच उचलली. अर्जुनराव मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. केस अजून पुरते वाढले नव्हते.

पुकारा झाला. गार्गीनं कागद पुढे केला. न्यायाधीशबाईंनी तो आधी भरभर वाचला, मग परत हळू वाचला, आणि मग समोरच्या वकिलांना कळावं म्हणून मोठ्यानं वाचला.

"प्रतिवादीस कैफियत देण्यास झालेला तेरा दिवसांचा उशीर माझी पत्नी कै. रुक्मिणीबाई हिच्या सुतकामुळे झाला आहे. आमच्या कुळात सुतकाचे दिवस मोजत नाहीत. सदर सुतक मीही पाळले असून त्याकरिता तारीखही घेतली आहे. प्रतिवादीने जाणूनबुजून उशीर केलेला नाही, हे मला स्वतःला माहीत आहे. सबब मुदत वाढवून द्यावी. खर्च मागत नाही, अट घालत नाही. नीळकंठ रामराव वायाळ, वादी."

मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दाबला. नीळकंठरावांनी वळून पाहिलं नाही. कुणाचा आहे ते त्यांना पाहावं लागत नव्हतं.

"वादी कोण आहेत? तुम्ही?" बाईंनी विचारलं. "आजोबा, हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत? कैफियत आली की दावा लढवला जाईल. कदाचित तुमच्या विरुद्धही जाईल. कल्पना आहे ना?"

"चौतीस वर्षं कोर्टातच होतो, साहेब."

"मग?"

नीळकंठरावांनी कठड्याला धरलं. बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं. "विहीर माही आहे असं मी म्हनतो. नाही असं तो म्हनते. त्याचं आयकून न घेता भेटली, तं ते पानी माह्या घशाखाली उतरनार नाही, साहेब."

बाईंनी लेखनिकाकडे पाहून आदेश सांगायला सुरुवात केली. नव्वद दिवसांनंतरची मुदत सहज देता येत नाही, कारण खास असावं लागतं आणि ते नोंदवावं लागतं. इथे कारण खरं असल्याचं खुद्द वादीनंच सांगितलं आहे. त्याच सुतकासाठी वादीला तारीख मिळाली असल्यानं दोघांना एकच माप लावणं न्यायाचं होईल. कैफियत दाखल करून घेण्यात येते. इथे त्या थांबल्या आणि पुढे म्हणाल्या, वादीचं वय लक्षात घेऊन दाव्याची सुनावणी सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून घ्यावी, आणि यापुढे दोन्ही बाजूंना कारण लिहिल्याशिवाय एकही तारीख मिळणार नाही. मग त्यांनी चष्म्यावरून गार्गीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वकीलबाई, अशा अर्जावर असं म्हणणं माझ्यापुढे पहिल्यांदा आलं." बस, एवढंच. पण नीळकंठरावांनी ते मनात तारीखवार नोंदवून ठेवलं. उद्यापासून इस्त्रीच्या दुकानात सांगायला ते पुरणार होतं.

बाहेर कडुनिंबाच्या सावलीत शेखर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. लेकीच्या हातात बाटली देऊन तो दुसरीकडे पाहत म्हणाला, "चांगली बोल्ली तू." गार्गी एक वाक्यही बोलली नव्हती, पण तिनं ते दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात अर्जुनराव आले. सहा-सात महिन्यांत दोघे भाऊ इतके जवळ आले नव्हते. अर्जुनरावांनी वाकून पायाला हात लावला, पण डोळे वर केले नाहीत.

"दादा, केस मी सोडनार नाही. आधीच सांगतो."

"सोडू नको."

"कैफियतीत लय लिहिलं हाय तुमच्यावर. विहीर खोल कराच्या टायमाले तुम्ही आले नाही. दोन पत्रं टाकली तरी आले नाही. सारं लिहिलं हाय."

"ते तं खरंच..."

"आबा!" गार्गी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "इथं एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही वादी आहात, हे कबुलीत जाईल."

नीळकंठरावांनी तोंड मिटलं. चौतीस वर्षांत न्यायाधीशांखेरीज कुणी त्यांना असं गप्प केलं नव्हतं. त्यांनी नातीकडे पाहिलं, घामानं भिजलेल्या तिच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडकडे पाहिलं, आणि मग धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाह्यलं ना?" ते म्हणाले. "तुह्या एकेका ओळीचं उत्तर भेटंल तुले. ही माही नात आहे, अर्जुना. हिले हरवून दाखव."